नळीतला खर्ज : छोट्या फुल-रेंज स्पीकरसाठी ट्रान्समिशन लाइन

दहा सेंटिमीटरच्या स्पीकरच्या कोनचे क्षेत्रफळ जेमतेम ५० चौरस सेंटिमीटर भरते. एवढ्याशा कागदाने तानपुऱ्याचा खर्ज धरून ठेवायचा, डग्ग्याची घीस ऐकवायची, गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ ठेवायचा आणि झांजेची किणकिणही सोडायची नाही. मदतीला वूफर नाही, ट्वीटर नाही, स्वरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर नाही. एकाच कोनाकडून सगळे गाणे मागणाऱ्या या स्पीकरला फुल-रेंज म्हणतात. त्याची सर्वांत मोठी अडचण खालच्या स्वरांत आहे. ती अडचण एका लांब, दुमडलेल्या नळीने कितपत सुटते आणि कुठे सुटत नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मुळात पेटी लागतेच कशाला, इथून सुरुवात करावी लागेल. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एका वेळी दोन आवाज काढतो आणि ते एकमेकांच्या नेमके उलट असतात. वरच्या स्वरांत याने फारसे बिघडत नाही. खालच्या स्वरांचे तरंग मात्र काही मीटर लांब असतात. ते कोनच्या कडेवरून सहज वळतात, मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. टेबलावर उघडा ठेवलेला चांगला स्पीकरही पत्र्यासारखा वाजतो तो यामुळे. या मागच्या आवाजाचे काय करायचे, या एकाच प्रश्नाला माणसांनी वेगवेगळी उत्तरे दिली आणि त्यांतून पेट्यांचे सगळे प्रकार जन्मले.

जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या स्पीकरवरचा आपला निबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. आजचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच कुळातला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मागच्या आवाजाची बहुतेक उत्तरे सापडलेली होती, ही गोष्ट मला आजही थक्क करते. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये बास रिफ्लेक्सचे पेटंट मिळाले. पेटीला भोक पाडून मागच्या आवाजातला खालचा भाग बाहेर काढायचा, ही आज बाजारातल्या बहुतेक पेट्यांत दिसणारी युक्ती. लंडनमध्ये पॉल व्हॉइट यांनी बंद टोकाला अरुंद आणि तोंडाकडे रुंदावत जाणारी नळी वापरली. तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, स्ट्रॉमबर्ग-कार्लसन या रेडिओ बनवणाऱ्या कंपनीत, बेंजामिन ओल्नी यांनी कॅबिनेटच्या पोटात एक लांब वळणावळणाची वाट बांधली. वाटेच्या भिंतींना आवाज शोषणारे अस्तर लावले आणि तिचे तोंड खाली जमिनीकडे उघडले. १९३६ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात या 'अकूस्टिकल लॅबिरिंथ'चा निबंध प्रसिद्ध केला. आपण ज्याला ट्रान्समिशन लाइन म्हणतो तिची पहिली नीट मांडणी ही.

तिचे तत्त्व कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अनुनाद नळीचा प्रयोग केलेल्या कुणालाही ओळखीचे वाटेल. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी नळी ज्या सर्वांत खालच्या स्वराला घुमते, त्या स्वराच्या तरंगाचा चौथा हिस्सा म्हणजे नळीची लांबी. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला तर ५० हर्ट्झचा तरंग ६.८८ मीटरचा होतो आणि त्याचा पाव भाग १.७२ मीटर. इतकी लांब नळी घरात उभी करणे अवघड, म्हणून ती पेटीत दुमडायची. पण नळी फक्त मूळ स्वरालाच घुमते असे नाही. तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांनाही ती तितक्याच उत्साहाने साथ देते. ५० हर्ट्झच्या नळीतून १५० आणि २५० हर्ट्झलाही हुंकार निघतो, आणि माणसाचा आवाज नेमका त्या भागात असल्यामुळे गाणारा बोगद्यात बसून गातो आहे असे वाटते. म्हणून नळीत काहीतरी भरायचे, जे वरचे हुंकार गिळेल आणि खालच्या स्वराला वाट देईल. ट्रान्समिशन लाइनच्या नव्वद वर्षांच्या इतिहासातला बराचसा वाद हे 'काहीतरी' काय असावे, किती असावे आणि कुठे असावे याभोवतीच फिरत राहिला आहे.

मधल्या काळात लॅबिरिंथ मागे पडला. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये छोट्या, हवाबंद पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पाठोपाठ स्टीरिओ आला. घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवायची वेळ आली तेव्हा शेल्फवर मावणारी पेटी जिंकणार हे उघड होते. लाकडाची लांबलचक वळणे घरी कोण आणणार?

या लांब नळीला परत आणले ब्रॅडफर्डच्या ए. आर. बेली यांनी. ब्रॅडफर्ड हे यॉर्कशरमधले लोकरीचे शहर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गिरण्यांच्या सुताचे नाव जगभर होते. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या बेलींचा लेख 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात ऑक्टोबर १९६५ मध्ये आला. त्यांची तक्रार रिफ्लेक्स पेटीबद्दल होती. ती खर्ज देते, पण स्वर थांबल्यावरही क्षणभर घुमत राहते. बेलींना पेटीने स्वतःचे काहीच बोलायला नको होते. कोनच्या मागे निघालेला आवाज लांब वाटेवर जावा, जाताजाता विरून जावा आणि परत फिरून पातळ कागदातून आपल्या कानावर येऊ नये, ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी नळीत लांब तंतूंची लोकर सैल करून भरली. प्रमाण साधारण घनफुटाला अर्धा पौंड, म्हणजे लिटरला ८ ग्रॅम. लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेल्या शहरात लोकरीचा हा उपयोग व्हावा, हे मला फार समर्पक वाटते. १९७२ मध्ये त्यांनी त्याच मासिकात सुधारित रचना दिली आणि त्या दशकात इंग्लंडमध्ये घरोघरी हौशी लोकांनी तशा पेट्या ठोकल्या. रॅडफर्ड, आयएमएफ आणि पुढे टीडीएल या कंपन्यांनी हीच वाट धंद्यात चालवली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या पीएमसीच्या ट्रान्समिशन लाइन तर बीबीसीच्या स्टुडिओपर्यंत पोचल्या.

लोकरीत आवाजाचा वेग कमी होतो आणि त्यामुळे आखूड नळीही लांब असल्यासारखी वागते, असा समज या काळात पक्का झाला. एल. जे. एस. ब्रॅडबरी यांनी १९७६ मध्ये त्याचे गणितही मांडले. तंतू हवेबरोबर हलतात आणि हवेला जड करतात, अशी त्यांची मांडणी होती. पुढे अमेरिकेतल्या मार्टिन किंग यांनी तंतू जागेवरच राहतात असे धरून गणित केले आणि किंग यांच्याच मोजमापांशी ते चांगले जुळले. आज डिझाइन करणाऱ्याने लोकरीच्या भरवशावर नळी आखूड करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. भरणाचे काम नको ते हुंकार गिळणे हे आहे.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पेटी आणि रिफ्लेक्स यांचे गणित इतके सोपे करून दिले की स्पीकरचे चार-पाच आकडे हाताशी असले की पेटीचे माप कागदावर निघू लागले. ट्रान्समिशन लाइनला असे गणित मिळाले नाही. पेटीतली हवा एका स्प्रिंगसारखी मानता येते. नळीत मात्र दाब आणि वेग प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, नळी निमुळती असली की आणखी बदलतात, त्यात तंतूंचे घर्षण मिसळते. तीसहून अधिक वर्षे ही कला अंदाजाने, परंपरेने आणि कानाने चालली. ज्याची पेटी चांगली वाजली त्याची मापे पुढचा उचलायचा, स्पीकर मात्र वेगळा घ्यायचा आणि मग निकाल का बिघडला हे कुणालाच सांगता यायचे नाही. ट्रान्समिशन लाइनभोवती जे गूढ साचले ते याच काळात.

ते फिटले ते जॉर्ज ऑग्सपर्गर यांच्यामुळे. त्यांनी भरलेल्या नळ्यांची पद्धतशीर मोजमापे केली, नळीचे विद्युत मंडलासारखे प्रतिरूप बनवले आणि २००० मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात निबंध दिला. किती लांबीला किती भरण, निमुळतेपणाने काय साधते, स्पीकर बंद टोकापासून किती अंतरावर ठेवावा, हे प्रथमच आकड्यांत दिसले. त्याच सुमारास मार्टिन किंग यांनी पाव तरंगाच्या नळ्यांची गणितपत्रके तयार करून हौशी लोकांना दिली. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मॅकबीन यांचा 'हॉर्नरिस्प' हा मोफत प्रोग्राम आज कुणीही उतरवून घेऊ शकतो. प्लायवूड कापण्याआधी दहा रचना पडद्यावर तपासता येतात. या क्षेत्रातला सर्वांत मोठा बदल हाच आहे. नव्या माणसाने जुन्या पाककृतींच्या मागे न लागता इथूनच सुरुवात करावी.

आता छोट्या फुल-रेंजकडे वळू. त्याची परंपरा वेगळी आहे आणि ती बराच काळ ट्रान्समिशन लाइनच्या परंपरेला समांतर चालली. व्हॉइट आणि त्यांच्यानंतर लोथर यांचे स्पीकर मोठ्या चुंबकाचे आणि हलक्या कोनाचे होते. वरच्या स्वरांसाठी मधोमध एक छोटा जादा कोन. त्यांना हॉर्न मानवत असे. ब्रिटनच्या टेड जॉर्डन यांनी धातूच्या पातळ कोनांवर आयुष्य घालवले. जपानमध्ये फॉस्टेक्सचा दहा सेंटिमीटरचा एफई१०३ हौशी लोकांच्या पिढ्यांनी वापरला, आणि तेत्सुओ नागाओका यांनी अशा स्पीकरसाठी मागे हॉर्न असलेल्या पेट्यांचे आराखडे मोठ्या संख्येने छापून ती एक लोकचळवळच बनवली. मार्क फेनलन यांचे मार्कऑडिओ स्पीकर अलीकडचे. अमर बोस यांचे नावही इथे घ्यायला हवे. त्यांचे वडील बंगालमधल्या स्वातंत्र्यचळवळीतले, अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले. बोस यांच्या कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या 'अकूस्टिक वेव्ह' यंत्रात छोट्या स्पीकरमागे लांब नळी घडी करून बसवली होती. त्या आकाराच्या खोक्यातून तेवढा खर्ज येतो हे लाखो लोकांनी त्यातून प्रथम ऐकले.

या दोन परंपरा एकत्र आल्या तेव्हा एक घोळ झाला आणि तो अजून पुरता निस्तरलेला नाही. बेलींच्या वाटेने जाणाऱ्यांना नळीने गप्प राहायला हवे असते. ते भरपूर भरण घालतात. नळीच्या तोंडातून फारच थोडे बाहेर येते. त्यांचा वूफर मोठा असतो, खर्ज तो स्वतःच देतो आणि नळी फक्त मागचा आवाज मुरवते. छोट्या फुल-रेंजवाल्याला याच्या उलट हवे असते. त्याच्या कोनाला खर्ज झेपतच नाही, म्हणून नळीने बोलावे, पण वरच्या हुंकारांशिवाय बोलावे. व्हॉइटची रुंदावणारी नळी किंवा शेवटी छोटे भोक ठेवून आखूड केलेली 'मास लोडेड' नळी या बाजूच्या. दोन्ही घराण्यांना ट्रान्समिशन लाइन हेच नाव आहे. त्यामुळे नवखा माणूस मोठ्या वूफरसाठी दिलेले भरणाचे प्रमाण तीन इंची स्पीकरच्या नळीत कोंबतो, आणि नळीचा आधार जाऊन हाती एक महागडी, कोरडी पेटी उरते. हे पुस्तक कोणत्या बाजूचे आहे हे आधीच सांगून टाकतो. छोट्या स्पीकरला आधार देणाऱ्या, मध्यम भरणाच्या नळीच्या बाजूचे.

कारण त्या आधाराची किंमत फुल-रेंजसाठी दुप्पट आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला की कोनाला चौपट हलावे लागते. १२० हर्ट्झला अर्धा मिलिमीटर हलणारा कोन ६० हर्ट्झला दोन मिलिमीटर हलायला हवा. छोट्या स्पीकरला इतके हलणे बहुधा झेपत नाही. कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर येऊ लागते. दोन भागांच्या स्पीकरमध्ये याने फक्त वूफर बिघडला असता. इथे तोच कोन त्याच क्षणी ३,००० हर्ट्झच्या आसपासची सूक्ष्म व्यंजनेही वाजवत असतो. खर्ज त्याला पुढे-मागे ढकलतो तसतसे वरचे स्वरही डहुळतात. नळीच्या मूळ अनुनादाला मात्र बंद टोकाजवळ हवेचा दाब सर्वाधिक असतो. तो कोनाला जवळजवळ जागीच धरून ठेवतो आणि आवाज नळीच्या तोंडातून येतो. म्हणजे नळी खर्ज वाढवते एवढेच नाही, तर कोनाला विश्रांती देऊन गाणाऱ्याचा शब्द स्वच्छ करते. चांगली ट्रान्समिशन लाइन ऐकताना पहिल्यांदा खर्ज नव्हे, तर मधल्या आवाजाची निवळलेली सहजता जाणवते. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे हे कारण आहे.

या विश्रांतीला एक मर्यादा आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अनुनादाच्या खाली नळीचा आधार सुटतो आणि कोन मोकळा हेलपाटू लागतो. चित्रपटातल्या स्फोटासाठी, लग्नाच्या मांडवासाठी ही पेटी नाही.

मग किती खाली जायचे? इथे आपल्या संगीताने मला नेमके उत्तर दिले. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९.३ हर्ट्झची. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या तानपुऱ्याचा खर्ज १०३.८ हर्ट्झला असतो. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारी नळी आपल्या बहुतेक मैफली पुऱ्या पेलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या वक्र घोडीचा अभ्यास करून या वाद्यांतले उपस्वर इतके समृद्ध का असतात हे दाखवले होते. त्या उपस्वरांच्या बळावर फोनच्या स्पीकरवरही तानपुरा ओळखू येतो. पण ओळखू येणे वेगळे आणि गाणाऱ्याच्या मागे तो खोलीभर उभा राहणे वेगळे. त्यासाठी तळचा स्वर लागतोच. डग्ग्याच्या घिशीला तर तो लागतोच लागतो. पश्चिमी ऑर्गनच्या ३० हर्ट्झमागे धावणाऱ्या परदेशी रचनांची लांबी आपण आपल्या घरात का आणावी, याचे कारण मला कधीच सापडले नाही.

घराचेही एक म्हणणे असते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास भिंतींमधली हवा स्वतःच घुमते. अशा खोलीत खाली ४० हर्ट्झपर्यंत जाणारी पेटी ठेवली की खोली आणि पेटी मिळून एक गढूळ गुंजारव तयार करतात. ६० हर्ट्झला थांबणाऱ्या पेटीला खोली खालून हळुवार हात देते. पेटीचे तोंड जमिनीजवळ, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले तर तो हात आणखी उपयोगी पडतो.

हा विषय आत्ताच मराठीत यायला हवा असे मला वाटते त्याची कारणे बाजारात दिसतात. टीपीए३११६ सारख्या चिपवरचे छोटे अँप्लिफायर बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा घरबसल्या मिळतात आणि दहा सेंटिमीटरच्या स्पीकरला पाच-दहा वॉट पुरतात. चांगले फुल-रेंज स्पीकर मागवता येतात. मोजमापासाठी 'आरईडब्ल्यू' हा मोफत प्रोग्राम आणि एक साधा मायक्रोफोन असला की जे काम पूर्वी प्रयोगशाळेत व्हायचे ते बैठकीच्या खोलीत होते. आणि गाणे ऐकणाऱ्या घरांची जागा आक्रसली आहे. दोन मीटर अंतरावर बसून, मध्यम आवाजात, मन लावून ऐकण्याची सवय ज्यांची आहे त्यांना छोटा फुल-रेंज जे देतो ते त्याच पैशांत दुसरे काही देईल असे मला वाटत नाही. क्रॉसओव्हर बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो. कान सर्वांत तिखट असतो तोही तिथेच. गळ्याचा आवाज दोन स्पीकरमध्ये फाडून पुन्हा जोडावा लागत नाही, हा फायदा ख्याल ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

फुल-रेंजचे तोटेही या हिशेबात धरायला हवेत. दहा सेंटिमीटरचा कोन साधारण चार हजार हर्ट्झच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकतो. बाजूला बसणाऱ्याला वरचे स्वर कमी मिळतात. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत साडेसातशे हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज हळूहळू पेटीमागेही पसरू लागतो आणि समोरच्याला तो बारीक वाटतो. एक कॉइल आणि एक रेझिस्टर जोडून तो तोल सावरता येतो. 'एकही सुटा भाग नको' या तत्त्वावर अडून बसणारे लोक या क्षेत्रात पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही.

सामानाबद्दल थोडे. इंग्लंड-अमेरिकेतली पुस्तके बर्च प्लाय आणि लांब तंतूंची ब्रिटिश लोकर गृहीत धरतात. आपल्याकडे कुठल्याही गावात मिळणारे बारा आणि अठरा मिलिमीटरचे, आठ बाय चारचे प्लायवूड या कामाला उत्तम आहे. आतल्या फळ्या घट्ट बसल्या पाहिजेत, कारण दुमडलेल्या नळीत एका वळणाजवळ फट राहिली तर आवाज आडवाटेने निसटतो आणि मग नळीची मापे नावापुरतीच उरतात. लोकर हवी असेल तर घोंगडीवाल्यांकडची दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकरही चालते, पण तिला कसर लागते. उशांत भरतात ते रेक्रॉन स्वच्छ, स्वस्त आणि टिकाऊ असते. आणि पहिला प्रयोग प्लायवूडवर करायलाच हवा असेही नाही. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या आतला छेद सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या कोनाच्या दुपटीला जरा कमी. असा १.४ मीटरचा तुकडा ६० हर्ट्झच्या जवळ घुमतो. वरचे टोक बंद करून स्पीकर त्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे ४७ सेंटिमीटरवर बसवला तर तिप्पट कंपनांचा, १८० हर्ट्झचा हुंकार जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्या कंपनाचा दाब तिथे शून्य असतो. बंद बाजूच्या दोन तृतीयांशात साधारण ६५ ग्रॅम रेक्रॉन सैल भरावे. सुतार न बोलावता, एका रविवारी, नळी म्हणजे काय हे यातून कानाला कळते.

हे पुस्तक आराखड्यांचा संग्रह नाही. काही पूर्ण रचना यात आहेत, पण त्या प्रत्येक माप असे का ठरले हे दाखवण्यासाठी आहेत. वाचकाने दुसरा स्पीकर घेतला तर ते माप कसे बदलेल हे त्याला स्वतःला काढता यावे, हा उद्देश. म्हणून पुस्तकाचा मोठा भाग स्पीकरचे आकडे घरी मोजणे, ते प्रोग्राममध्ये घालणे, पडद्यावरच्या रेषा वाचणे आणि बांधलेल्या पेटीची इंपीडन्स रेषा, म्हणजे कंपनांनुसार बदलणाऱ्या विद्युत विरोधाचा आलेख, त्यांच्याशी ताडून पाहणे यावर खर्च केला आहे. कंपनीने छापलेले आकडे आणि हातातला स्पीकर यांत फरक असतो; पेटीआधी स्पीकर मोजायचा हा नियम यात कुठेही मोडलेला नाही. गणित गुणाकार, वर्गमूळ आणि आलेख यांच्या पलीकडे जात नाही. सोळा सेंटिमीटरच्या वरचे वूफर, सबवूफर आणि मोठे हॉर्न मी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिणारे अधिक अनुभवी लोक आहेत. फार प्रबळ चुंबकाच्या स्पीकरनाही इथे जागा नाही. त्यांच्यासाठी मागचे हॉर्नच योग्य, नळीत ते कोरडे वाजतात.

वाचकाला एकच विनंती. पेटी बांधल्यावर स्पीकर, लांबी, छेद, भरणाचे वजन आणि मोजलेली इंपीडन्स रेषा या पाच गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या बांधणाऱ्याला दाखवा. न जमलेल्या पेटीचा कागद तर आधी दाखवा. ब्रॅडफर्डपासून रॉचेस्टरपर्यंत ज्यांनी हे क्षेत्र पुढे नेले त्यांनी आपली मोजमापे छापून ठेवली होती. मराठीत तशा नोंदी फार थोड्या आहेत, आणि त्या वाढल्या तर या पुस्तकाची पुढची आवृत्ती वाचकांच्या पेट्यांवर उभी राहील.